भोपळ्यातला दिवा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'भोपळा' असे उत्तर दिले. ते क्षणभर थबकले. कामगारांत काम करणारा माणूस महागाईवर बोलेल, बोनसवर बोलेल, फार तर संपाच्या इतिहासावर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आणि मी निघालो भोपळा घेऊन! पण शाळेत असताना गणिताच्या पेपरात मी इतके भोपळे मिळविले आहेत की या विषयावरचा माझा अधिकार कोणी नाकारू नये.

विनोद बाजूला ठेवतो. हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका भांडणामुळे. २०२४ सालच्या दिवाळीतली गोष्ट. त्या वर्षी नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली होती. आमच्या युनियनचे एक जुने सभासद आहेत, त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. त्यांची मुलगी अमेरिकेत असते. फराळाच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे गेलो, तर अण्णा फोन हातात धरून लालबुंद होऊन बसलेले. मुलीने घरच्या दिवाळीचा फोटो पाठविला होता. दारात रांगोळी, रांगोळीभोवती पणत्या, आणि मधोमध एक कोरलेला भोपळा! डोळे तिरके, दात विचकलेले, पोटात दिवा जळतो आहे.

"बघा," अण्णा म्हणाले, "सणाच्या दिवशी पोरीनं दारात भूत बसवलंय. ह्यासाठी शिकवलं का हिला?"

मी विचारले, "अण्णा, आज पहाटे अंघोळीच्या वेळी तुम्ही काय केलंत?"

"काय म्हणजे? नेहमीसारखं कारीट फोडलं अंगठ्याखाली."

"कुणाचं डोकं म्हणून?"

"नरकासुराचं. हे काय विचारणं झालं?"

"मग तुम्ही एका फळाला राक्षस मानलंत आणि पायाखाली फोडलंत. तिनं एका फळाला भूत मानलं आणि त्याच्या पोटात दिवा लावला. भांडण कशाचं?"

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे तू भाषणात बोल. इथं चकली खा."

तर आज मी ते भाषणात बोलण्यासाठी उभा आहे.

हा कोरलेला भोपळा मूळचा कोठला? पुष्कळांना वाटते तो अमेरिकेचा. परंतु त्याचे घराणे शोधत गेले की आपण आयर्लंडात आणि स्कॉटलंडात जाऊन पोचतो, आणि तेथे भोपळा नाहीच! तेथे सलगम आहे. मोहरी-मुळ्याच्या कुळातला, मुठीएवढा किंवा थोडा मोठा कंद. ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री खेड्यातली मुले हा कंद पोखरीत, त्याला डोळे-तोंड कोरीत आणि आत मेणबत्तीचा तुकडा लावून गावभर फिरत. आयर्लंडच्या मेयो परगण्यात ग्रामजीवनाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथे डोनेगल भागातल्या अशा एका सलगम-कंदिलाचा प्लास्टरचा ठसा जपून ठेवलेला आहे. त्याचे चित्र मी पाहिले आहे. भोपळ्याचा चेहरा खोडकर दिसतो. हा चेहरा मात्र वाळलेल्या, उपाशी माणसाचा दिसतो. पाहिला की अंगावर काटा येतो.

हीच रात्र का, असे कोणी विचारील. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस. त्याच सुमारास जुन्या केल्टिक लोकांचा हिवाळ्याच्या आरंभाचा सण येई. पीक घरात आलेले, दिवस लहान होत चाललेले, अंधार वाढत चाललेला. अशा संधिकाळी मेलेली माणसे जिवंतांच्या जवळ येतात, अशी समजूत. आता आपल्याकडे पाहा. दिवाळीच्या अंधाऱ्या रात्री हातात पेटते चूड घेऊन पितरांना परतीची वाट दाखविण्याचा विधी आपल्या जुन्या धर्मग्रंथांत सांगितला आहे; त्याला उल्कादान म्हणतात. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा टांगतात, तोही पितरांसाठी. आज आपण दारात जो रंगीत कागदाचा आकाशकंदील लावतो, तो या आकाशदिव्याच्याच घरातला. पीक घरात आले की मेलेल्यांची आठवण होते, आणि अंधार वाढला की माणूस दिवा उंच धरतो. यासाठी आयर्लंडच्या शेतकऱ्याला आपल्याकडे यावे लागले नाही आणि आपल्या शेतकऱ्याला तिकडे जावे लागले नाही.

या कंदिलाला इंग्रजीत 'जॅक-ओ-लँटर्न' म्हणतात. आपण त्याला कंदीलवाला जॅक म्हणू. त्याची कथा अशी सांगतात. जॅक नावाचा एक लबाड, चिक्कू, दारुडा माणूस होता. सैतान त्याला न्यायला आला, तेव्हा जॅकने त्याला गोडीगुलाबीने सफरचंदाच्या झाडावर चढविले आणि बुंध्यावर क्रूस कोरून ठेवला. सैतानाला खाली उतरता येईना. 'मला कधीही नरकात नेणार नाही' असे वचन घेऊनच जॅकने त्याला सोडले. पुढे जॅक मेला. स्वर्गाच्या दारातून त्याला त्याच्या कर्मांमुळे हाकलले. नरकाच्या दारात गेला तर सैतान म्हणाला, वचन म्हणजे वचन. 'मग या अंधारात मी जाऊ कोठे?' असे जॅकने विचारल्यावर सैतानाने नरकातला एक धगधगता निखारा त्याच्याकडे फेकला. जॅकने तो पोखरलेल्या सलगमात ठेवला आणि तेव्हापासून तो पृथ्वीवर भटकतो आहे.

रात्री दलदलीवर, पाणथळ रानात कधीकधी निळसर उजेड हलताना दिसतो. तिकडचे लोक म्हणत, तो पाहा जॅक चालला. आपल्याकडे अशाच उजेडाला म्हाताऱ्या म्हणत, आग्यावेताळ निघाला. सडणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून निघणाऱ्या वायूंशी या उजेडाचा संबंध शास्त्रज्ञ जोडतात. पण कथा शास्त्रासाठी रचलेली नसतेच. मला या कथेत दुसराच माणूस दिसतो. वरच्यांनी दार लावले, खालच्यांनीही दार लावले, हातात एक निखारा घेऊन जो गावोगाव फिरतो, असा माणूस मी फार जवळून पाहिला आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या खोप्या पडतात आणि रात्री तीन दगडांच्या चुली पेटतात. लांबून ते उजेड पाहिले की मला जॅक आठवतो. फरक एवढाच की जॅक लबाड होता. या बिचाऱ्यांनी कोणालाच फसविलेले नाही.

आता सलगमाचा भोपळा कसा झाला ते पाहू. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि पुढे १८५२ पर्यंत दुष्काळ चालला. सुमारे १० लाख माणसे मेली आणि १० लाखांहून अधिक देश सोडून गेली. त्यांतली पुष्कळ अमेरिकेला. या लोकांनी आपला सण बरोबर नेला, तेथे त्यांना भोपळा सापडला, आणि सलगमाच्या जागी तो आला, असे सामान्यतः सांगितले जाते. यात तथ्य पुष्कळ आहे, पण हे पुरते खरे नाही. जॉन व्हिटियर नावाचा अमेरिकन कवी होता. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झगडलेला. १८०७ सालचा त्याचा जन्म. त्याने भोपळ्यावर एक कविता लिहिली आणि तीत आपल्या बाळपणी भोपळ्याला तोंड कोरून आत मेणबत्ती लावीत असल्याची आठवण सांगितली. म्हणजे आयरिश दुष्काळाच्या कितीतरी आधी तिकडची शेतकऱ्यांची पोरे हा खेळ खेळत होती. तेव्हा तो सुगीचा खेळ होता. आयरिश आणि स्कॉटिश लोकांच्या सणाशी त्याची गाठ पुढे पक्की बसली. आणि भोपळा जिंकला याचे कारण अगदी साधे आहे. सलगम घट्ट, तो पोखरताना हात दुखून येतात. भोपळा आतून अर्धा पोकळच. बिया आणि दोऱ्या खरवडल्या की झाले.

येथे आणखी एक गंमत सांगतो. अण्णा ज्याला परदेशी म्हणून नाके मुरडत होते तो लाल भोपळा आपल्या मंडईत रोज दिसतो, त्याची भाजी होते, घारगे होतात. पण तोही मुळात अमेरिकेचाच! मेक्सिकोतल्या एका गुहेत भोपळ्याच्या जातीच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. तिथल्या आदिवासींनी तो लागवडीखाली आणला आणि युरोपीय लोकांची जहाजे अमेरिकेला जाऊ-येऊ लागल्यावर तो आपल्याकडे पोचला. आपला जुना फळभाऊ म्हणजे कोहळा, तो आशियाचा. संस्कृतात त्याला कूष्मांड म्हणतात, आणि नवदुर्गांतल्या चौथीचे नाव कूष्मांडा. तेव्हा आपला आणि परका हा वाद भोपळ्यापाशी तरी घालू नये. त्याचा वेल कुंपण पाहून वाढत नाही.

आपल्या लोकांनी भोपळ्याच्या पोकळपणाचा उपयोग किती परींनी केला पाहा. कृष्णेच्या डोहात पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधण्याची रीत होती. मोठे भोपळे एकत्र बांधून नदी उतरण्यासाठी सांगड करीत. शेजारच्या मिरजेत कडू भोपळ्याचे तंबोरे आणि सतारी होतात. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे जाड सालीचे भोपळे त्यासाठी येतात, आणि २०२४ साली मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. वारकऱ्याची एकतारी भोपळ्याचीच. म्हणजे एकाने पोकळीत हवा धरली, एकाने स्वर धरला, आणि आयर्लंड-अमेरिकेतल्या पोरांनी उजेड धरला. पोकळ वस्तूला स्वतःचे असे काही नसते. आपण आत काय भरतो त्यावर सारे अवलंबून.

आणि येथेच माझ्या विषयाचा गाभा येतो. कारण आपण भोपळ्यात आणखीही एक गोष्ट भरली. ती म्हणजे भीती.

फळ आणि माणसाचे डोके यांचे साम्य सर्वांनाच दिसते. कारीट हे नरकासुराचे डोके. नवरात्रात अष्टमीच्या होमाला कोहळ्याचा बळी देतात. नव्या घराच्या दारावर कोहळा टांगतात. दक्षिणेत बांधकामावर राक्षसाचे तोंड रंगविलेला कोहळा लटकलेला असतो. बंगळूरला आयुधपूजेच्या दिवशी रस्त्यावर इतके कोहळे फोडतात की त्यांवरून दुचाक्या घसरून पडतात. आपल्याकडे अनेक घरांत बायका अख्ख्या कोहळ्याला पहिली विळी लावत नाहीत. तो घरातल्या मुलासारखा, असे म्हणतात. या सगळ्यांत एकच अर्थ आहे. कोहळा हे कोणाच्या तरी डोक्याच्या बदली दिलेले डोके आहे.

मी नास्तिकपणाचे व्याख्यान देण्यास आलेलो नाही. उलट मला असे वाटते की ज्या दिवशी कोणा शहाण्या माणसाने बळीच्या वेदीवर जिवंत प्राण्याऐवजी कोहळा पुढे केला, तो दिवस माणुसकीच्या इतिहासात सोन्याचा म्हटला पाहिजे. त्याने देवाला नाकारले नाही, रीत मोडली नाही. फक्त रक्त थांबविले. एवढे मोठे समाजसुधारणेचे काम एका भाजीने केले! माझी तक्रार कोहळ्याविरुद्ध नाही. माझी तक्रार आपण तेथेच थांबलो याविरुद्ध आहे.

का, ते सांगतो. हे सांगणे मला सोपे नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात काम करीत होतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करीत असू. झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटे, आणि मुख्य यंत्रापुढे कोहळा. त्या वर्षी कोहळा मोठा आणावा म्हणून आम्ही वर्गणी काढली होती. मीही दिली. त्याच यंत्राच्या दातेरी चाकावरचा गार्ड दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि परत बसविलेला नव्हता. हे फोरमनला ठाऊक होते, फिटरला ठाऊक होते, आणि कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मलाही ठाऊक होते. उद्या बोलू, पगार झाला की बोलू, असे माझे चालले होते. कोहळा मात्र वेळेवर आला. फोरमनने तो यंत्रापुढे कापला, कुंकू लावले, सर्वांनी हात जोडले.

पुढच्या पंधरवड्यात एका हेल्परचा हात त्या चाकात गेला. वय एकोणीस. उजव्या हाताची चार बोटे गेली.

कारखान्यात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, कोहळा एका घावात तुटला नव्हता. कोणी म्हणाले, कापणारा उपाशी नव्हता. साहेबापासून शिपायापर्यंत सर्वजण कोहळ्याची चौकशी करीत होते. गार्डची चौकशी कोणी करीना. मी इस्पितळात गेलो. पोराची आई बाहेर जमिनीवर बसली होती. माझ्याकडे पाहून तिने एकच प्रश्न विचारला, "कोहळा कापला हुता न्हवं, भाऊ?"

मी म्हणालो, "कापला होता."

त्या माउलीने मान हलविली. तिच्या दृष्टीने सर्वांनी आपले कर्तव्य केले होते. ती कोणाला दोष देईना. तिने दोष दिला असता तर मला बरे वाटले असते.

मित्रहो, यंत्राने कोहळाही घेतला आणि बोटेही घेतली. यंत्राला कोहळा आणि हात यांतला फरक कळत नाही. तो आपल्याला कळायला हवा होता. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचे २१ वे कलम यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा घालण्याविषयीच होते. ते कलम मी त्या रात्री प्रथम नीट वाचले. आधी वाचावयास हवे होते. दीड हात जाळी आणि चार बोल्ट, एवढाच सारा प्रश्न होता. आम्ही संकट टाळण्यासाठी एक डोके दिले, पण आपले स्वतःचे डोके वापरले नाही. भ्रमाचा भोपळा फुटणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

त्यानंतर आम्ही एक रीत पाडली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कामगारांचा एक आणि व्यवस्थापनाचा एक अशा दोघांनी प्रत्येक यंत्रापाशी जायचे, गार्ड हाताने हलवून पाहायचा, आणि मगच माळ घालायची. गार्ड नाही तर माळ नाही. कोहळा कोणी आणला तर आणू दे. आमचे भांडण पूजेशी नव्हते, पूजेआड लपणाऱ्या हयगयीशी होते. आणि त्या हयगयीत मी स्वतः सामील होतो, हे मी विसरत नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यातले डॉ. नरेंद्र दाभोलकर याच वाटेने गेले. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे खपले तो विधिमंडळाने संमत केला. त्या कायद्याच्या नावातच 'नरबळी' हा शब्द आहे. एकविसाव्या शतकात तो शब्द कायद्यात घालावा लागला, यावरून त्या अनामिक शहाण्याने वेदीवर ठेवलेल्या कोहळ्याचे काम अजून किती अपुरे आहे ते दिसते.

आता पुन्हा त्या भोपळ्याच्या कंदिलाकडे वळतो. तो करताना काय घडते, पाहा. पोर भोपळ्याचे देठाकडचे झाकण कापते, आतला गीर काढते आणि भीतीचे तोंड स्वतःच्या हाताने कोरते. कोरलेले डोळे नि तोंड नुसते दिखाऊ नसतात. त्यांतूनच ज्योतीला हवा मिळते. ती भोके नसती आणि झाकण घट्ट बसविले असते, तर दिवा क्षणात गुदमरला असता. म्हणजे जे तोंड भिववते, त्यातूनच उजेड श्वास घेतो आणि त्यातूनच बाहेर पडतो. ज्या पोराने ते भूत कोरले, ते पोर पुन्हा त्याला भीत नाही. त्याला त्या भुताच्या पोटात काय आहे ते ठाऊक असते.

कंदिलाचे हे शास्त्र कराडकरांना मी काय सांगावे? कराड स्टेशनजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी १९१६ साली औंध संस्थानच्या आश्रयाने काचेचा कारखाना काढला. तेथला प्रभाकर कंदील गोठ्यात, खळ्यावर, बाळंतिणीच्या खोलीत घरोघर जळला. त्याचीही युक्ती तीच होती. बाजूच्या नळ्यांतून ज्योतीला हवा द्यायची आणि काचेने वारा अडवायचा. एक प्रकारे ती काच म्हणजे ज्योतीचा गार्डच. तो कारखाना आज बंद आहे, पण कंदील हातात घेतला की भुताची वाट निम्मी सरते, हे आपल्या आज्यांनी त्याच कंदिलाच्या उजेडात अनुभवले. आग्यावेताळाला पळविण्याचे काम मंत्रापेक्षा त्या काचेने जास्त केले.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. कारीट खुशाल फोडा, आकाशकंदील लावा, कोहळ्याची पूजा करा, आणि नातवंडांनी भोपळा कोरला तर रागावू नका. पण दर वेळी एवढे विचारा की आपण या पोकळीत काय भरतो आहोत, भीती की दिवा? आणि जेथे गार्डची गरज आहे, तेथे कोहळ्यावर भागवू नका.

गेल्या दिवाळीत अण्णांकडे गेलो. दारात, रांगोळीच्या कडेला, मंडईतला एक लाल भोपळा ठेवलेला दिसला. वेडेवाकडे डोळे, एक दात तुटलेला, आत पणती. मी काही बोलायच्या आधीच अण्णा म्हणाले, "सुट्टीला आलेल्या नातीनं केलाय. उद्यापर्यंत टिकतोय, मग सडेल म्हणती."

मी म्हणालो, "आणि भूत?"

अण्णा म्हणाले, "सडू दे की. दिवा दुसऱ्यात लावू."